डोक्याला मार लागल्यानंतरची चक्कर आणि अर्धशिशी : गोळ्यांशिवाय किती जमतं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिस्टर ४२ वर्षांचे, यंत्रमागावर काम करतात. फेब्रुवारीत रात्रपाळी करून येताना अक्कलकोट रोडला गाडी घसरली. हेल्मेट नव्हतं, मिनिटभर शुद्ध हरपली. सीटी स्कॅन नॉर्मल आला. आता तीन महिने होऊन गेले तरी अंथरुणात कूस बदलली की खोली फिरते, उजवं कानशील ठणकतं, मळमळतं, मागाचा खडखडाट सोसत नाही. रोज एक वेदनाशामक आणि दोन वेळा चक्करची गोळी चालू आहे. त्यांना गोळ्यांचा वीट आलाय. घरात सल्ल्यांना तोटा नाही: सूतशेखर घ्या, नाकात तूप सोडा, सलूनमध्ये मान मोडून घ्या. सासूबाई म्हणतात, वर्षभर नुसतं पडून राहू दे. यातलं काय करावं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चक्कर येणारे आणि तोल जाणारे पेशंटच माझ्याकडे जास्त असतात. गोळ्यांशिवाय बरंच काही होण्यासारखं आहे. पण त्यातला मोठा वाटा मोजूनमापून केलेल्या हालचालीचा आहे, काढ्यांचा फार थोडा आणि पडून राहण्याचा जवळजवळ नाहीच. आणि कुठली हालचाल करायची हे ठरवायला आधी चक्कर कुठून येते ते शोधावं लागतं. डोकं एकदाच आपटतं, पण हिसका आतल्या कानाला बसतो, मानेला बसतो, मेंदूला बसतो. तिघांचा इलाज वेगळा. गोळी मात्र सगळ्यांना एकच मिळते आणि तिथंच घोडं पेंड खातं.

पुढं वाचण्याआधी एवढं तपासा. डोकेदुखी दिवसेंदिवस चढत चाललीय का? ते अवेळी सुस्त पडतात का, जीभ जड होते का, एका बाजूचा हातपाय ढिला वाटतो का, एकाचे दोन दिसतात का? पुन्हा पुन्हा उलटी, फिट, किंवा वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ टपकणं? यातलं एकही असेल तर त्याच दिवशी सिव्हिलला किंवा न्यूरोसर्जनकडे न्या. पहिला स्कॅन नॉर्मल असला तरी मेंदूच्या आवरणाखाली रक्त थोडं थोडं साठून काही आठवड्यांनी त्रास देऊ शकतं. साठीच्या पुढचे, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आणि नियमित दारू घेणारे यांना हा धोका जास्त. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मिस्टर घेत असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका.

स्कॅन नॉर्मल म्हणजे ‘त्यांना काही झालेलं नाही’ असा अर्थ घरच्यांनी काढू नये. सीटीमध्ये रक्तस्राव आणि हाडाची मोड दिसते. आतल्या कानातला बिघाड, मानेच्या स्नायूंचा हिसका, मेंदूच्या कामकाजातली गडबड त्यात दिसत नाही. माणूस खोटं बोलतोय असं त्याला वाटायला लावू नका. त्यांची चिडचिड, विसरणं, मध्येच रडू येणं हेही याच दुखापतीत मोडतं आणि तेही डॉक्टरांना सांगायचं असतं.

आता चक्कर. तुमच्या लिहिण्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे कूस बदलल्यावर खोली फिरते. आतल्या कानात एका पिशवीच्या पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे चिकटलेले असतात, डोकं कुठं कललंय ते त्यांच्यामुळं कळतं. डोकं आपटलं की ते सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात, बहुतेक वेळा मागच्या नळीत. मग डोक्याची दिशा बदलली की खडे आतल्या पाण्यात घरंगळतात आणि मेंदूला खबर जाते की आपण गरगर फिरतोय. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात. ओळखायची खूण अशी: कूस बदलणं, अंथरुणातून उठणं, माळ्यावरचा डबा काढायला वर बघणं, नळाखालची घागर उचलायला वाकणं, अशा ठरावीक हालचालींनाच चक्कर येते, भोवरा फिरावा तशी येते आणि मिनिटाच्या आत ओसरते. दिवसभर डोकं हलकं वाटणं, पाय हवेत पडल्यासारखे वाटणं हे निराळं, त्याचं पुढं सांगते.

याची परीक्षा टेबलावर होते. पेशंटला पाय लांब करून बसवायचं, मान ४५ अंश एका बाजूला वळवायची आणि पटकन मागं निजवायचं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर किंचित खाली. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. ‘काय नाही मॅडम’ असं म्हणता म्हणता पेशंट मनगट गच्च धरतो. बुबुळं वरच्या बाजूला उडायला लागतात आणि उडताना खालच्या कानाकडे वळतात. अर्ध्या मिनिटात वेग ओसरतो. बसतं केलं की उलट्या दिशेनं पुन्हा जरासं. डिक्स आणि हॉलपाइक यांनी ही परीक्षा १९५२ साली मांडली. ना मशीन लागतं ना रक्त काढावं लागतं. तीन तीन महिने चक्करची गोळी खाल्लेल्या माणसाचे डोळे असे एकदाही कुणी बघितलेले नसतात, याचा मला राग येतो.

इलाजही तितकाच बिनऔषधी. अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी १९९२ साली छापलेली ही पद्धत आज जगभर वापरतात. ज्या कानातले खडे सुटलेत त्या कानाकडे मान वळवून मागं निजवायचं, मग मान दुसऱ्या बाजूला, मग अख्खं अंग त्याच कुशीवर वळवून नाक जमिनीकडे, आणि मग हळूच बसतं करायचं. प्रत्येक अवस्थेत अर्धा ते एक मिनिट थांबायचं. खडे नळीतून फिरून आपल्या पिशवीत परत जातात. पुष्कळ लोकांना एक-दोन वेळात फरक पडतो. पण मार लागून सुटलेल्या खड्यांचं जरा किचकट असतं: दोन्ही कान किंवा एकाहून जास्त नळ्या गुंतलेल्या असू शकतात आणि परतून येण्याचं प्रमाणही जास्त. म्हणून मोबाइलवरचा व्हिडिओ बघून पहिल्यांदा घरी करू नका. कान चुकला तर पेशंट ओकून बेजार होतो. शिवाय गाडीवरून पडलेल्या माणसाची मान तपासल्याशिवाय मागं टाकायचीच नाही. मान दुखत असेल तर आम्ही सगळं अंगच एका बाजूला आडवं करून तेच काम साधतो. तुम्ही घरी एक करा. सकाळी उठताना चक्कर आली की त्यांच्या उघड्या डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढा आणि कुठल्या कुशीवर आली ते लिहून ठेवा. कानाच्या डॉक्टरांना तो व्हिडिओ कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगून जाईल.

खडे जागेवर बसल्यावरही चालताना झोल जाणं, गर्दीत गांगरणं, मागावर धावणारे धागे बघून डोळ्यांपुढं सगळं हलणं राहू शकतं. कान, डोळे आणि पायांकडून येणाऱ्या खबरा मेंदूला पुन्हा जुळवून घ्याव्या लागतात. ते शिकवायचा व्यायाम साधा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक मोठा आकडा डोळ्यांच्या उंचीवर येईल असं हातभर अंतरावर बसायचं. नजर आकड्यावर, आणि डोकं नकार दिल्यासारखं डावीकडे-उजवीकडे, लहान फेऱ्यांत. आकडा स्पष्ट दिसतोय तेवढाच वेग ठेवायचा. अर्धा मिनिट, दिवसातून चार-पाच वेळा. मग होकारासारखं वर-खाली. आठवड्यानं उभं राहून. त्यानंतर पाय जुळवून, अनवाणी. मग सोलापुरी चादर चार-सहा घड्या घालून तिच्यावर उभं राहून, आणि तेही जमलं की उशीवर. मागं भिंत किंवा कोपरा असू द्या, सुरुवातीला तुम्ही शेजारी थांबा. मान दुखत असेल तर आधी मानेचं बघायचं, मग हे.

यात थोडी चक्कर वाढायलाच हवी. दहापैकी दोन-तीन गुणांनी वाढली आणि पंधरा-वीस मिनिटांत बसली, तर व्यायाम बरोबर चाललाय. दिवसभर टिकली तर जास्त झालं, निम्मं करा. अजिबात वाढली नाही तर फार सोपं झालंय. चक्कर दाबणारी गोळी इथं आडवी येते. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या गोळ्या पहिल्या काही दिवसांच्या उलट्या-चक्करेला ठीक आहेत. महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूला चूक कळतच नाही, मग तो सुधारणार काय? मात्र माझं वाचून गोळी एकदम बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना ‘किती दिवस?’ हा प्रश्न विचारा.

डोकेदुखीकडे वळू. मार लागल्यावर सात दिवसांत सुरू झालेली आणि तीन महिन्यांपुढं राहिलेली डोकेदुखी दीर्घकालीन धरतात. तिचं रूप पुष्कळदा अर्धशिशीसारखंच असतं: एका बाजूचं ठणकणं, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा. मिस्टरांचं तेच दिसतं. त्यात एक मेख आहे. रोज घेतलेलं वेदनाशामकच डोकं दुखवायला लागतं. साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की हा दोष धरतात. मेडिकलवर ‘डोक्याची द्या’ म्हटल्यावर जी मिळते ती बऱ्याचदा मिश्र गोळी असते. पाकिटामागं वाचा. ज्या दिवशी गोळी घेतली त्या तारखेवर कॅलेंडरवर फुली मारा. महिनाअखेरीस फुल्या मोजल्या की डॉक्टरांशी बोलायला मुद्दा हातात येतो. गोळी कमी करताना पहिला आठवडा-दोन आठवडे डोकं उलट जास्त दुखतं, तेव्हा पुष्कळजण माघार घेतात. म्हणून हे देखरेखीखाली करायचं. काहींना त्या काळात अर्धशिशी रोखणारं औषध लागतं. लागलं तर घ्यावं, त्यात कमीपणा कसला?

गोळीबाहेरचं म्हणाल, तर झोपेची वेळ पहिली. रात्रपाळी-दिवसपाळीची अदलाबदल अर्धशिशीला वाईट, मालकाशी बोलून काही महिने दिवसपाळी मिळते का बघा. आणि आपल्या सोलापूरचं दुखणं, म्हणजे काही दिवसांआड येणारं पाणी, तेही अपरात्री. दोन वाजता उठून घागरी-पिंपं भरायची, म्हणजे झोप मोडली आणि वर दहा वेळा वाकणं. ते काम सध्या दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्या. दुसरं जेवण. उपाशी राहिलं की डोकं चढतं. सोमवार, एकादशी यांना काही महिने सुट्टी द्या, सिद्धरामेश्वर रागावणार नाहीत. चहा दोन कपांवर, रोज त्याच वेळी, एकदम बंद केला तर त्यानंही डोकं धरतं. आणि पाणी. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ ला जातो, मागाच्या शेडमध्ये त्याहून उकाडा. बसून उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येत असेल तर ती कानाची चक्कर नसून रक्तदाब खाली जाण्याचीही असू शकते. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असा दोनदा बीपी मोजायला सांगा. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर मीठ घातलेलं ताक दुपारी जरूर द्या. कडक भाकरीनं जबडा आणि कानशील दुखत असेल तर ती आमटीत पूर्ण भिजवून खाऊ द्या. पडताना हनुवटी आपटलेल्या लोकांत जबड्याचा सांधा पुष्कळदा कुणी बघितलेलाच नसतो.

मॅग्नेशियम आणि रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब२, यांना अर्धशिशी टाळण्यासाठी बऱ्यापैकी पुरावा आहे. रायबोफ्लेविन रोज ४०० मिलिग्रॅम, निदान तीन महिने. लघवी गर्द पिवळी होते, घाबरू नका. हा पुरावा मुख्यतः साध्या अर्धशिशीचा आहे, मार लागलेल्यांचा नव्हे, तरी डॉक्टरांना विचारून करून बघण्यासारखं आहे. मॅग्नेशियमनं पोट सैल होतं आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते घ्यायचं नाही. शेंगाचटणी, तीळ, बाजरी, पालेभाजी यांत मॅग्नेशियम भरपूर असतं. खावं, पण चटणीनं अर्धशिशी जाईल असं मी म्हणणार नाही. मळमळीला आल्याचा तुकडा चघळणं चांगलं.

आता सूतशेखर. आपल्याकडे पित्त झालं, गरगरलं की सूतशेखर, हे घरोघरी ठरलेलं. पण त्याच्या शास्त्रीय पाठात पारा, गंधक, वत्सनाभ (बचनागाचं विषारी मूळ) आणि धोतऱ्याचं बी आहे. वैद्यानं नाडी बघून, मात्रा आणि मुदत ठरवून दिलं तर गोष्ट वेगळी. शेजारणीच्या डबीतून रोज दोन गोळ्या, असं नको. पथ्यादि काढा त्या मानानं सौम्य: हिरडा, बेहडा, आवळा, चिराईत, हळद, कडुनिंब, गुळवेल. वैद्यांना विचारून घ्या आणि चालू गोळ्यांची यादी त्यांनाही दाखवा. नाकात तूप सोडायला एरवी माझी ना नाही, पण कवटीच्या तळाला चीर गेली नव्हती आणि नाकातून पाणी गळत नाही याची खात्री झाल्याशिवाय नाकात काहीही घालू नका. शिरोधारेनं, म्हणजे कपाळावर तेलाची धार धरल्यानं, ताण हलका होतो, झोप लागते. फक्त तिथं डोकं मागं टाकून बराच वेळ निजवतात, आणि खडे सुटलेल्या माणसाला नेमकी तीच अवस्था नको असते. आधी खडे बसवा, मग शिरोधारा. दातांच्या डॉक्टरची खुर्ची आणि सलूनमध्ये मान मागं टाकून केस धुणं यांनाही हेच लागू. शीर्षासन, सर्वांगासन, कपालभाती, भस्त्रिका सध्या बंद. अनुलोम-विलोम चालेल. नजर काढायची तर काढा, पण मिरच्यांचा धूर त्यांच्या खोलीत करू नका.

मान मोडून घेणं मात्र साफ बंद. चंपी करता करता हनुवटी धरून कडाक्कन मान फिरवतात, त्या झटक्यानं मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं अस्तर फाटू शकतं आणि त्यातून पक्षाघात येऊ शकतो. ज्याच्या मानेला आधीच हिसका बसलाय त्यानं तर सलूनच्या खुर्चीत ‘फक्त दाढी’ म्हणून आधीच सांगावं. दुखणं मानेच्या मुळापासून निघून कानशिलाकडे, डोळ्यामागं चढत असेल, मान वळवल्यावर वाढत असेल, तर मानेवर काम करायला हवं. दहा मिनिटं कोमट शेक, मग बसून हनुवटी सरळ रेषेत मागं ओढायची, पाच सेकंद धरून सोडायची, दहा वेळा. दुखेल इतकी ओढायची नाही. गळपट्टा महिनोन्महिने लावू नका, स्नायू लुळे पडतात.

सासूबाईंच्या विश्रांतीबद्दल. पहिले २४ ते ४८ तास आराम, त्यानंतर हळूहळू हालचाल, असं आता जगभर सांगतात. अंधाऱ्या खोलीत पडून राहणाऱ्यांना उशिरा बरं वाटतं. त्यांना चालायला काढा, पण मोजून. सकाळी सहाच्या आत, ऊन चढण्याआधी, कंबर तलावाच्या बाजूला किंवा जवळच्या सपाट मैदानात. चालता चालता वेग वाढवत न्या. डोकेदुखी किंवा चक्कर दहापैकी दोन-तीन गुणांनी वाढली की थांबा आणि मनगटावर नाडी मोजा, पंधरा सेकंदांचे ठोके गुणिले चार. समजा १३० आली. तर रोजचं चालणं ११० च्या आसपास नाडी राहील असं, वीस मिनिटं, आठवड्यातले पाच-सहा दिवस. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा, मर्यादा वर सरकलेली दिसते. छातीत दुखण्याचा किंवा हृदयाचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी. माझ्याकडचे पेशंट काढा न चुकता घेतात आणि हे चालणं दोन दिवसांत सोडतात, कारण फुकटच्या औषधावर विश्वास बसत नाही.

कामाचं. कारखान्यात कानात प्लग जरूर घाला, मागाचा आवाज धडधाकट कानालाही वाईटच. पण घरी दिवसभर कानात बोळे आणि घरात काळा चष्मा नको, त्यानं आवाज-उजेड आणखीच सोसेनासा होतो. लग्नातला डीजे टाळा. कामावर आधी दोन तास, मग अर्धी पाळी. खोली फिरतेय तोवर चालू मागाजवळ आणि शिडीवर उभं राहायचं नाही. दुचाकीचं साधं माप सांगते: चालता चालता दोन्ही खांद्यांवरून पटकन मागं बघितलं आणि तोल गेला नाही, नजर धूसर झाली नाही, असं सलग काही दिवस झालं की डॉक्टरांना विचारून मगच किल्ली द्या. हेल्मेट घालूनच. पहिला मार पुरता भरलेला नसताना दुसरा बसला तर सगळं मागं जातं.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे किंवा चक्करेची फिजिओथेरपी करणाऱ्यांकडे जा. जाताना डिस्चार्ज कार्ड, डोळ्यांचा व्हिडिओ, फुल्या मारलेलं कॅलेंडर न्या, आणि घरात चालू असलेली प्रत्येक गोळी पाकिटासकट, सूतशेखरच्या डबीसह.